निर्लेखन: वस्तूचे की मजकुराचे?

खरिपाच्या धानाची कापणी संपत आली, की भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याला आधारभूत खरेदी केंद्राची वाट धरावी लागते. धान हमीभावाने विकावयाचे, तर आधी ऑनलाइन नोंदणी हवी. नोंदणीसाठी सातबारा हवा, आधार कार्ड हवे आणि बँकेचे पासबुकही हवे. केंद्र मोहाडीचे असो वा लाखांदूरचे, ही कागदपत्रे क्षणभर स्कॅनरच्या काचेवर ठेवली जातात आणि लगेच शेतकऱ्याच्या हाती परत येतात. कागद परत आला म्हणजे आपले सर्व काही आपल्याला परत मिळाले, असे त्याला वाटते. त्याची प्रतिमा मात्र तिथल्या संगणकात मागे राहिलेली असते. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्यासाठी सेतू केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत ज्या रांगा लागल्या, त्या रांगांतील भगिनींच्या कागदपत्रांचीही हीच गत झाली.

चार-पाच वर्षे गेली म्हणजे हा संगणक मंदावतो. मग तो ‘एक्स्चेंज’मध्ये दिला जातो, कबाडी वजनावर घेऊन जातो, अथवा नागपूरच्या बाजारात कोणा व्यापाऱ्याकडे पोहोचतो. जुन्या यंत्राचे म्हणून हाती पडतात ते काही शे रुपये. या व्यवहारात विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने पेटीची किंमत केलेली असते. आतल्या तबकडीवर किती गावांचे सातबारे आणि किती कुटुंबांची खाती विसावली आहेत, याचा हिशेब दोघांपैकी कोणीच मांडलेला नसतो. दुकानदार अप्रामाणिक असतो असे नव्हे. पुष्कळदा त्याने सर्व फायली ‘डिलीट’ केलेल्या असतात, ‘फॉरमॅट मारून’ही दिलेला असतो. सारे काही पुसले गेले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. अडचण आहे ती या समजुतीत.

ज्यांनी तहसील कचेरीतील अभिलेख कक्ष पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. नोंदवहीतील ओळ खोडली, तरी बस्ता फडताळावर जागच्या जागी राहतो. नवा बस्ता ठेवण्यासाठी ती जागा कोणी वापरीपर्यंत जुन्याला धक्का लागत नाही, आणि फडताळे चाळण्याची ज्याची तयारी आहे त्याला नोंदवहीची गरजही पडत नाही. साध्या हार्ड डिस्कचे नेमके असेच आहे. ‘डिलीट’ या आज्ञेने मजकूर जात नाही, मजकुराची नोंद जाते. ‘क्विक फॉरमॅट’ने सबंध नोंदवही कोरी होते, बस्ते मात्र तसेच राहतात. ते वाचून काढणारी साधने विनामूल्य मिळतात आणि ती वापरण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोन अभ्यासकांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या; आणि या १२९ मध्ये नीट पुसलेल्या भरल्या त्या अवघ्या १२. एक डिस्क तर पैसे देणाऱ्या एटीएम यंत्रातून निघालेली दिसत होती आणि खातेदारांचे क्रमांक तिच्यावर तसेच होते. हे वीस वर्षांपूर्वीचे झाले, आता जग शहाणे झाले असेल, असे म्हणावे तर मॉर्गन स्टॅनले या बलाढ्य वित्तसंस्थेचे उदाहरण समोर येते. आपली जुनी संगणकीय सामग्री मोडीत काढण्याचे काम तिने सामानाची ने-आण करणाऱ्या एका कंपनीला दिले. माहिती नष्ट करण्याचा त्या कंपनीला काडीइतका अनुभव नव्हता. ग्राहकांच्या माहितीसह काही सामग्री पुढे लिलावात विकली गेली. सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती सांभाळण्यात कसूर केल्याबद्दल २०२२ साली तेथील भांडवल बाजार नियामकाने या संस्थेला साडेतीन कोटी डॉलर दंड केला. जेथे कायदेपंडितांची फौज पदरी असते तेथे ही अवस्था, तर पवनीच्या झेरॉक्सवाल्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावयाचा?

अर्थशास्त्रात याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या कल्याणविषयक ग्रंथात धुराड्याच्या धुराची चर्चा केली होती. तुमसरच्या वाचकाला पिगूपर्यंत जाण्याचे कारण नाही. राइस मिलच्या धुराड्यातून उडालेली तुसाची राख शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तेव्हा धुण्याचा खर्च गिरणीच्या हिशेबवहीत चढत नाही. जुन्या संगणकाचा व्यवहार याच जातीचा आहे. पैसे दुकानदाराला मिळतात, यंत्र व्यापाऱ्याला मिळते. आणि उद्या त्यातील आधारच्या प्रतीवर कोणी सिमकार्ड घेतले वा कर्ज उचलले, तर खेटे घालावे लागतात ते या व्यवहारात कधीच नसलेल्या तिसऱ्या माणसाला. शिवाय राख निदान डोळ्यांना दिसते. ही राख दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी तक्रारही होत नाही.

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी एक सूचना काढली होती. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवून घेऊ नये आणि घेतलेच तर सर्व प्रती कायमच्या नष्ट कराव्यात, असे तीत म्हटले होते. गैरसमज होण्याचा संभव आहे, या कारणास्तव दोनच दिवसांनी ती मागे घेण्यात आली. परंतु ती कायम राहिली असती, तरी ‘कायमच्या नष्ट करणे’ म्हणजे सायबर कॅफेत पाच मिनिटे बसलेल्या नागरिकाने नेमके काय करावयाचे, हा प्रश्न उरलाच असता.

खासगी दुकानांची गोष्ट येथवर. वस्तुतः अधिक लक्ष द्यावयास हवे ते शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्यांकडे. येथे जुनी वस्तू वाटेल तशी काढून टाकता येत नाही. ती जडसंग्रह नोंदवहीत असते. तिचे निर्लेखन व्हावे लागते. त्यासाठी समिती, प्रस्ताव, मंजुरी आणि मग लिलाव असा सगळा सोपस्कार असतो. वस्तूची मूळ किंमत, घसारा, अपेक्षित किंमत हे सारे रकाने निगुतीने भरले जातात. ‘निर्लेखन’ या शब्दातच लेखन नाहीसे करणे आहे, आणि तरीही या संपूर्ण प्रक्रियेत जे लेखन नाहीसे व्हावयास हवे, त्याला एकही रकाना सहसा नसतो. विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, पालकांचे उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीची बँक खाती, शिक्षकांची सेवापुस्तके हे सर्व त्या पेटीबरोबर लिलावात जाते.

यावर लिपिक वर्गाकडून जे उत्तर येते, तेही ऐकून घेण्याजोगे आहे. शासकीय अभिलेख अनधिकृतपणे नष्ट करणे हा सार्वजनिक अभिलेख कायद्यान्वये शिक्षेस पात्र अपराध आहे. उद्या माहिती अधिकारात कोणी तीच फाइल मागितली तर? म्हणून ‘हात लावू नये’ हेच त्याला शहाणपणाचे वाटते. ही भीती निराधार नाही. परंतु तिच्या पोटात एक घोटाळा आहे. जपावयाचा आहे तो अभिलेख. ज्या यंत्रावर तो आहे ते यंत्र नव्हे. ठेवण्याजोगे ते आधी नव्या संगणकावर अथवा सर्व्हरवर हलवावे, हलविल्याची नोंद सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने करावी आणि त्यानंतरच जुनी डिस्क पुसावी. जपणूक आणि पुसणूक या दोन्ही गोष्टी टाळून पेटी तशीच लिलावात काढणे, यात अभिलेखही जातो आणि गुप्तताही जाते.

कायदा या बाबतीत फारसा धावून येईल, अशी स्थिती नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या अमलात यावयाच्या त्या त्यापुढे अठरा महिन्यांनी. प्रयोजन संपले की माहिती पुसून टाकावी, असे बंधन हा कायदा घालतो खरा; परंतु शासन आणि शासकीय यंत्रणा यांना त्याच कायद्याच्या कलम १७ ने या विशिष्ट बंधनातून सूट दिली आहे. दुकानदाराने पुसावे आणि कचेरीने न पुसले तरी चालावे, असा हा न्याय आहे. माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी कचेरीवरही उरते, एवढाच काय तो दिलासा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा रोख तर शिसे, पारा असल्या विषारी द्रव्यांवर आणि पुनर्वापरावर आहे.

पुसण्याचे काम स्वतः फार अवघड नाही. १९९६ साली पीटर गुटमन या संशोधकाने तत्कालीन डिस्कसाठी पस्तीस वेळा लिहून पुसण्याची पद्धत सुचविली होती. ती आजही मंत्रासारखी घोकली जाते आणि तिच्या धास्तीने पुष्कळजण एकदाही पुसत नाहीत. आजच्या चुंबकीय डिस्कसाठी सर्व जागेवर एकदा नवे लिहिणे सामान्यतः पुरते, असे अमेरिकेच्या मानक संस्थेनेच २०१४ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. विंडोजच्या व्हिस्टापासूनच्या आवृत्त्यांत ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, की सर्वत्र शून्ये लिहिली जातात. सेकंदाला दीडशे मेगाबाइट या गतीने एक टेराबाइटच्या डिस्कला सुमारे दोन तास लागतात. यंत्र संध्याकाळी लावून शिपायाने खोलीला कुलूप घालावे, इतकेच. नव्या एसएसडीचे तंत्र निराळे आहे. ती झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून मजकूर आपल्या मर्जीने जागा बदलून लिहिते, त्यामुळे तिच्यावर वरून लिहिण्याचा भरवसा धरता येत नाही. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञाच वापरावी लागते.

खरा पेच येतो तो गॅरंटीत बंद पडलेल्या डिस्कचा. नवी हवी असेल तर जुनी परत करा, असे कंपनी म्हणते. आणि जी सुरूच होत नाही ती पुसावी कशी? अशी परत गेलेली डिस्क पुष्कळदा दुरुस्त होऊन दुसऱ्या ग्राहकाकडे जाते. येथे हिशेब रोखठोक आहे: डिस्कची किंमत काही हजार रुपये, आणि तिच्यावर एखाद्या शाळेतील सर्व मुलांची माहिती असेल तर ते काही हजार सोडून डिस्क फोडून टाकणे स्वस्त पडते. हा तोटाही टाळण्याचा एक मार्ग आहे, परंतु तो आधी, यंत्र नवे असतानाच घ्यावा लागतो. पहिल्या दिवसापासून संपूर्ण डिस्क कूटबद्ध ठेवली, तर किल्ली नसलेल्याला आतील मजकूर केवळ निरर्थक अक्षरे होत. मग ती मेली तरी बिनघोर परत करता येते. विंडोजच्या काही आवृत्त्यांत ही सोय अंगचीच आहे. कचेऱ्यांत तिला हात कोणी लावलेला नसतो.

कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता जिल्हा परिषदेला आणि महाविद्यालयांना एक गोष्ट करता येईल. निर्लेखन प्रस्तावाच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: डिस्क कोणत्या पद्धतीने पुसली अथवा नष्ट केली, कोणी, कोणत्या तारखेला. तो कोरा असेल तर समितीने प्रस्ताव परत पाठवावा. पुसण्याच्या कामाला जिल्ह्यातील आयटीआयचे आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी सहज तयार करता येतील. मार्चअखेरच्या लगबगीत अनेक शाळांच्या कोपऱ्यांत धूळ खात पडलेले जुने संगणक एकदमच लिलावाला निघतात. हा रकाना छापून व्हावयाचा असेल, तर तो त्यापूर्वी व्हावा.