विमान आपले, सुटे भाग कोणाचे?

ग्वाल्हेर शहरातील हजीरा भागात सूफी संत महंमद घौस आणि तानसेन यांच्या समाध्या शेजारीशेजारी आहेत. गाण्याच्या घराण्यामुळे ग्वाल्हेरचे नाव गोमंतकीय रसिकांना परके नाही. याच शहराची दुसरी ओळख महाराजपूरच्या हवाई तळामुळे आहे. भारतीय हवाई दलाची मिराज-२००० ही फ्रेंच बनावटीची विमाने १९८५ पासून तेथे आहेत. कारगिल युद्धात २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवर लेझर-निर्देशित बॉम्ब टाकणारी आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटची मोहीम पार पाडणारी विमाने ती हीच. चार दशकांनंतरही ती उडत आहेत. त्यामागे वैमानिकांचे कौशल्य आणि तंत्रज्ञांचे कष्ट आहेत; आणखीही एक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले. फ्रान्सने मात्र तसे पाऊल उचलले नाही. मिराजच्या सुट्या भागांचा ओघ त्यामुळे सुरू राहिला. त्याच काळात नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांची अवस्था उलट झाली. ही हेलिकॉप्टरे ब्रिटनमधील वेस्टलँड कंपनीने बांधली होती. पण मूळ रचना अमेरिकेच्या सिकोर्स्की कंपनीची होती आणि अनेक घटकांचा उगम अमेरिकेत होता. सुटे भाग अडले आणि ताफ्याचा मोठा हिस्सा जमिनीवर आला. सप्टेंबर २००१ मध्ये निर्बंध उठेपर्यंत ही ओढाताण चालली. विक्री ब्रिटनने केली होती, नकाराधिकार मात्र अमेरिकेकडे होता. निर्बंधांच्या राजकारणातील ही मेख नीट समजून घेतली पाहिजे.

विमान म्हणजे हजारो सुट्या भागांची जुळणी. इंजिनाची पाती, उतरणीची चाके, ब्रेक, इंधनपंप, कॉकपिटमधील संगणक अशा कित्येक भागांचे आयुष्य उड्डाणांच्या संख्येवर किंवा तासांवर मोजलेले असते. मुदत संपली की भाग बदलावाच लागतो. नवा भाग बसवताना तो कोठे तयार झाला, कोणी तपासला आणि याआधी किती वापरला गेला, याची कागदपत्रे सोबत असावी लागतात. ही साखळी तुटली, की भाग दिसायला चांगला असूनही अधिकृतपणे निरुपयोगी ठरतो. पुरवठाच थांबला तर तंत्रज्ञांपुढे एक मार्ग उरतो. उभ्या असलेल्या विमानाचा भाग काढायचा आणि उडणाऱ्या विमानात बसवायचा. आज एक पंप निघतो, उद्या एक संगणक, परवा इंजिन. काही महिन्यांत त्या पहिल्या विमानाचा केवळ सांगाडा उरतो. ते पुन्हा उडवायचे तर जे जे काढले ते सारे परत मिळवावे लागते, आणि ते मिळत नव्हते म्हणून तर हा खटाटोप सुरू झालेला असतो.

हा प्रकार नेहमीच नामुष्कीचा असतो असे नाही. फ्रान्स आपली जुनी मिराज सेवेतून काढत असताना, २०२१ मध्ये भारताने त्यांतील २४ वापरलेली विमाने सुमारे २ कोटी ७० लाख युरोंना घेतल्याचे वृत्त आले होते. त्यांचा मुख्य उपयोग सुट्या भागांसाठीच होणार होता. ही ठरवून केलेली बेगमी होती. निर्बंधांखालील देशाला अशी बेगमी करता येत नाही. त्याला स्वतःच्याच ताफ्यातील विमाने खावी लागतात.

रशियाचे उदाहरण ताजे आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये युरोपीय संघाने रशियाला विमाने व सुटे भाग पुरवण्यास बंदी घातली. एअरबस आणि बोइंगने आधार काढून घेतला. परदेशी मालकांकडून भाड्याने घेतलेली शेकडो विमाने रशियाने परत न करता आपल्या नोंदवहीत घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉयटर्सने वृत्त दिले, की एरोफ्लोटचे जवळजवळ नवे एअरबस ए-३५० आणि एक सुखोई सुपरजेट सुट्या भागांसाठी उघडले जात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये उरल एअरलाइन्सचे ए-३२० विमान नोवोसिबिर्स्कजवळच्या शेतात उतरले. प्रवासी सुखरूप होते. विमान तेथून उडवून नेण्याचा बेत आधी जाहीर झाला. पुढे ते जागेवरच सुटे करण्याचे ठरले.

या यादीतील सुपरजेटकडे विशेष लक्ष द्यायला हवे. ते रशियाचे स्वदेशी विमान म्हणून गाजले होते. पण त्याचे इंजिन फ्रान्सच्या भागीदारीत बनले होते. स्वदेशी ही पाटी विमानाच्या कवचावर असते. आत कोणाचे काय आहे, ते संकट आल्यावर कळते. इराणने हाच धडा दुसऱ्या बाजूने घेतला. २०१६ मध्ये त्याने एअरबसकडे शंभर विमानांची मागणी नोंदवली. त्यांतील तीनच विमाने पोहोचली आणि मे २०१८ मध्ये अमेरिकेने अणुकरारातून अंग काढून घेत परवाने रद्द केले. विमाने युरोपची होती; पण त्यांत अमेरिकी घटकांचे मूल्य दहा टक्क्यांहून अधिक असल्याने वॉशिंग्टनची परवानगी बंधनकारक होती. सी किंगचीच ही पुनरावृत्ती.

भारतासाठी हा प्रश्न आता पुन्हा दाराशी आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने रशियाच्या युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनशी एसजे-१०० हे प्रवासी विमान भारतात बनवण्याबाबत सामंजस्य करार केला. हे सुपरजेटचेच नवे रूप आहे. परदेशी घटक वगळून आणि रशियन इंजिन बसवून सिद्ध केलेले. १९८८ मध्ये अॅव्रोचे उत्पादन थांबल्यानंतर संपूर्ण प्रवासी विमान देशात घडवण्याची ही पहिलीच संधी असेल. सुमारे शंभर आसनांचे हे विमान ‘उडान’ योजनेतील जवळच्या मार्गांसाठी उपयुक्त ठरेल, असा युक्तिवाद आहे. तो चुकीचा नाही. मात्र भागीदार कंपनी स्वतः पाश्चात्त्य निर्बंधांच्या यादीत आहे. भागांची खरेदी, त्यांचे पैसे, विमा आणि विमान भाड्याने देणाऱ्यांची तयारी या सगळ्यांवर त्याची छाया पडेल.

गोव्याच्या दृष्टीने हा विषय दिल्लीपुरता नाही. दाबोळी आणि मोपा या विमानतळांवर आपला पर्यटन व्यवसाय उभा आहे. रशियन पाहुण्यांची विमाने मार्च २०२२ मध्ये अचानक थांबली, तेव्हा मोरजी-हरमलच्या व्यावसायिकांनी निर्बंधांचा अर्थ अनुभवाने जाणला. विमानांच्या बाबतीत छोट्या मार्गांची स्थिती अधिक नाजूक असते. शंभर विमानांच्या कंपनीला दोन विमाने उभी ठेवून बाकीची चालवता येतात. दोन-तीन विमानांवर प्रादेशिक सेवा देणाऱ्या कंपनीचे एक विमान सुट्या भागांसाठी उघडले, की मार्गच बंद होतो. तुटवड्याची पहिली झळ छोट्या शहरांना आणि छोट्या राज्यांना बसते.

म्हणून रशियन विमान घ्यावे की पाश्चात्त्य, हा वाद पुरेसा नाही. पाश्चात्त्य सुट्या भागांनीही आपल्याला १९९८ मध्ये अडवले होतेच. विचारायचा प्रश्न अधिक नेमका आहे: इंजिन, चाके आणि संगणक देशात दुरुस्त करण्याचा अधिकार करारात मिळणार का? पुढील काही वर्षांचे सुटे भाग आधी साठवले जाणार का? आणि प्रत्येक महत्त्वाच्या भागासाठी अखेरची परवानगी कोणत्या राजधानीत मागावी लागेल? सामंजस्य करारापासून प्रत्यक्ष उत्पादनापर्यंत बरीच वाट आहे. ही उत्तरे लेखी मागून घेण्याची वेळ त्या वाटेवरच असते. विमान धावपट्टीच्या कडेला उभे राहिल्यावर नसते.