पावतीची दुसरी बाजू

दिवाळीच्या फराळाबरोबर प्राप्तिकराचा विषय काढणे म्हणजे रसभंगच. त्यातून मराठीच्या प्राध्यापकाने तर तो मुळीच काढू नये. परंतु वाचकहो, यंदा माझा इलाज नाही.

गेल्या दिवाळीत आईच्या स्मरणार्थ मी एका धर्मादाय रुग्णालयाला १०,००० रुपयांची देणगी दिली. चेकने दिली, कारण रोख देणगी २,००० च्या वर गेली की तिच्यावर वजावट मिळत नाही, एवढे मला ठाऊक होते. बाकीचे ज्ञान कच्चे! १९६१ च्या कायद्यातील ८० जी कलमाने निम्मे पैसे परत मिळतात, अशी माझी भाबडी समजूत. माझे विवरणपत्र भरून देणारा गृहस्थ माझाच जुना विद्यार्थी. तो हसून म्हणाला, "सर, 'वजावट' आणि 'परतावा' हे समानार्थी शब्द नव्हेत!" ५,००० रुपये माझ्या उत्पन्नातून वजा व्हायचे आणि तेवढ्यावरचा कर वाचायचा. २० टक्क्यांच्या पायरीवर हजार रुपये, वर उपकराचे चाळीस. तेही जुनी करपद्धत घेतली तर. नवी घेतली तर शून्य. आम्ही जुनीच घेतली आणि ती पावती मी विम्याच्या कागदांत जपून ठेवली.

श्रावणात एके दिवशी आमच्या कॉलेजचे शिपाईमामा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभे राहिले. बायकोच्या पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले होते आणि रुग्णालयाने ४०,००० रुपये अनामत मागितली होती. हेही रुग्णालय धर्मादायच. मी देणगी दिली ते नव्हे, दुसरे.

मी विद्यार्थ्याला फोन लावला. मला वाटले, तो एखादी ओळख काढील. त्याने कायदा काढला.

आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा १९५० चा कायदा आहे. त्याच्या ४१ एए कलमाखाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून याची रीतसर योजनाच लागू झाली. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची आणि अशा रुग्णाकडून अनामत मागायची नाही, असे तीत आहे. पुरावा म्हणून तहसीलदारांचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचे रेशनकार्ड चालते. रुग्णालयाच्या उत्पन्नाला करात सूट, देणाऱ्याला वजावट, आणि त्या बदल्यात या खाटा! वीस वर्षे मी वर्गात 'दान' शब्दाचे संदर्भ सांगत आलो. हा संदर्भ मला कोणी सांगितला नव्हता. मामांना तरी कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर मी गेलो. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला तहसीलदारांचा दाखला त्यांच्या घरात होताच. खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितले, "त्या खाटा भरल्यात."

"किती आहेत आणि किती भरल्यात, ते कुठे पाहायचे?" मी विचारले.

बाईंनी आता मान वर केली. माझा चष्मा आणि खादीची पिशवी पाहून त्यांना मी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतला वाटलो की काय, कोण जाणे. मी तो गैरसमज दूर केला नाही. आम्हाला तळमजल्यावरच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे धाडण्यात आले. तो तरुण भला निघाला. कागद पाहून म्हणाला, "मामा, हे आधी का नाही आणलंत?"

मामा म्हणाले, "कुणी मागितलंच नाही, साहेब."

तिसऱ्या दिवशी खाट मिळाली. अनामत नाही, बिल नाही. मामी आता हिंडूफिरू लागल्या आहेत. परवा त्यांनी चकल्यांचा डबा पाठवला.

यंदा विद्यार्थ्याने आकडे मांडून दाखवले : नवी पद्धत मला स्वस्त पडते, पण मग आईच्या देणगीवर एक पैसाही सुटायचा नाही. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, मग चेक लिहायचा ना?" मी लिहिला. मात्र या खेपेस सोबत एक पत्रही जोडले आहे : आपल्याकडे राखीव खाटा किती, आणि तो फलक कोठे लावला आहे, हे कृपया कळवावे.

उत्तराची वाट पाहतो आहे.