प्रभाव म्हणायचे की ऋण?

लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ घालणाऱ्या एखाद्या बँडचा अल्बम प्रसिद्ध झाला की त्याची समीक्षा एका ठरीव साच्यात होते. वादनावर अमक्या वादकाचा प्रभाव, शब्दांवर तमक्या कवीचा प्रभाव आणि उरलेल्या सर्वांवर ‘लोकपरंपरेचा प्रभाव’. पहिल्या दोन विधानांत माणसांची नावे असतात, तिसऱ्यात नसतात. हे अनवधानाने घडत नाही. ज्याच्या हाती आपले नाव छापून घेण्याची सत्ता आहे तो कलावंत ठरतो. ज्याच्या हाती ती नाही तो परंपरेत जमा होतो. जालन्यासारख्या जिल्ह्यातील कार्यकर्त्याला असल्या अल्बमशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की, श्रमिकांच्या घामाचा हिशेब मागणाऱ्या चळवळीला त्यांच्या गाण्याचा हिशेबही मागावाच लागेल.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली आला. त्यात तीन दिशांनी आलेली गाणी आहेत. शीर्षकगीत केरळातील सीरियन ख्रिस्ती समाजाच्या प्राचीन प्रार्थनेवरून घेतलेले आहे. ‘हिल्ले ले’चे शब्द भोजपुरी मातीतील क्रांतिकारी कवी गोरख पांडे यांचे, १९८९ साली दिवंगत झालेले हे कवी जन संस्कृती मंचाचे पहिले सरचिटणीस होते. आणि ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठी परंपरेने गायिले जाणारे नदीचे स्तवन. त्याला गिटार, तबला आणि ड्रम यांची साथ मिळाली आणि ते शहरी तरुणांच्या ओठांवर गेले.

या गिटारवर नाक मुरडणारे लोक पुरोगामी गोटातही आहेत. त्यांच्या मते विजेचे वाद्य हातात आले की लोकगीत भ्रष्ट होते. हा युक्तिवाद टिकणारा नाही. कीर्तनाला आणि तमाशाला ज्या पेटीवाचून आज चालत नाही ती युरोपातून आली. मराठवाड्याच्या वरातीत वाजणाऱ्या बँजोचे मूळ जपानी वाद्यात आहे. श्रमिकांनी वाद्याचा जन्मदाखला कधी मागितला नाही. बँडने गाण्याला परका साज चढवला ही तक्रार म्हणूनच गैरलागू आहे. साज चढवताना ज्यांचे गाणे घेतले त्यांचे देणे कोणते, हा खरा प्रश्न आहे.

या बाबतीत ‘इंडियन ओशन’वर सरसकट चोरीचा आरोप करणे अन्यायाचे होईल. बँडचे बासवादक राहुल राम यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाओ आंदोलनात काम केले होते. गाणे घेणारा हात त्या खोऱ्यातील माणसांच्या हाताला लागलेला होता. पण श्रोत्यांचे काय? ज्या वर्षी ‘मा रेवा’ घराघरांत पोचू लागले, त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सरदार सरोवराचे बांधकाम पुढे नेण्यास मुभा दिली. महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे या धरणाच्या बुडिताची धनी झाली. त्यातील मणिबेलीत १९९३ सालीच पाणी शिरले होते. २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले तेव्हा त्याची उंची १३८.६८ मीटर होती. नदीच्या स्तुतीला टाळ्या पडत राहिल्या आणि नदीकाठ बुडत राहिला. ‘प्रभाव’ हा शब्द नेमका येथे सोयीचा ठरतो. प्रभाव मान्य करून माणूस मोकळा होतो. ऋण मान्य केले तर ते फेडावे लागते.

हे सारे नर्मदेच्या खोऱ्यापुरते आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या शेतातील पाटाचे पाणी कोठून येते ते पाहावे. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून वाहतो. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, कारखानदारी उभी राहिली. त्यासाठी पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे भागांतील गावे नाथसागराखाली गेली. जिल्ह्यातील तरारलेले शिवार कोणाच्या तरी बुडालेल्या उंबरठ्याचे देणेकरी आहे. आणि याच जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी दिवाळीनंतर कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जातो. त्या धरणाखाली गेलेल्या गावांतील जात्यावरच्या ओव्या कोणी टिपल्या? तोडणी कामगारांच्या कोपीवर बायका जे गातात ते कोणाच्या नावावर आहे? उद्या एखाद्या बँडने तेच गाणे उचलले, तर त्याच्या अल्बमवर ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द छापला जाईल, आणि त्याला आक्षेप घेण्याजोगा कागद कोणापाशीही नसेल.

वस्तुतः नाव सांगण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. संतांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घातली. वामनदादा कर्डकांनीही आपल्या गीतांत आपले नाव गुंफले, म्हणूनच मराठवाड्यातील वस्तीवस्तीत त्यांची गीते गायिली जात असताना ती कोणाची हे विसरणे कठीण जाते. जातीने ज्यांना माणूस म्हणून मोजले नाही त्यांच्या दृष्टीने नाममुद्रा हा हक्काचा दस्तऐवज होता. ओवी गाणाऱ्या बाईला मात्र तोही मिळाला नाही; तिच्या ओवीत भावाचे नाव असते, विठ्ठलाचे असते, तिचे स्वतःचे नसते. ही उणीव भरून काढता येते हे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी दाखवून दिले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांच्याशी गाणारणीचे नाव व गाव जोडले. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’च्या द्वारे लोकांपुढे येत आहे.

तेव्हा कलावंतांना दूषणे देत बसण्यापूर्वी चळवळीने आपले अंगण झाडावे. सभेच्या आरंभी क्रांतिगीत म्हणायचे आणि ते रचणाऱ्याचे नाव सांगायला विसरायचे, ही खोड बँडवाल्यांची नाही, कार्यकर्त्यांची आहे. जिल्ह्यातील प्रत्येक शाखेने तोडणीला जाणाऱ्या आणि धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांची गाणी गाणाऱ्याच्या नावागावासह लिहून घ्यावीत. जो ती व्यासपीठावर वा अल्बमवर नेईल त्याच्याकडून आधी नाव, मग मोबदल्यातील वाटा आणि शेवटी लढ्यातील साथ मागावी. गिटारला आडकाठी नको आणि तिला माफीही नको. गाणे सर्वांचे आहे हे मान्य; पण सर्वांचे म्हणजे बेवारस नव्हे.