मावळ्याचा वेष आणि स्त्रीदाक्षिण्य

गेल्या शिवजयंतीस बारामतीहून इंदापुरास धाकट्या बंधूंकडे जाण्याचा योग आला. इंदापूर म्हणजे मालोजीराजांच्या गढीचें गांव; पुणें, सुपें व इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरींतले. तेव्हां येथील मुलांनीं शेला-पागोटें चढवून मावळा व्हावें, यांत नवल तें काय !

मिरवणूक थाटाची निघाली. दांडपट्टा फिरला, लेझीम घुमली. परंतु पुढें कर्ण्यांचा कल्लोळ वाढला, आणि दोघां-तिघां ‘मावळ्यां’नीं कडेस उभ्या असलेल्या मुलींकडे पाहून शीळ घातली. एका भाजीवालीची पाटी त्यांच्या धक्क्यानें कलंडली. कोणीं वळूनहि पाहिलें नाहीं. त्या टोळक्यांत बंधूंचा नातू होता.

रात्रीं जेवतांना विषय निघालाच. “आजोबा, शीळ मीं नाहीं घातली,” तो म्हणाला.

“पण हंसलास ना ?”

तो गप्प झाला. मग आम्हीं त्यास रांझ्याच्या पाटलाची हकीकत सांगितली. बाबाजी गुजर पाटलानें एका स्त्रीशीं बदअंमल केला. चौकशींत तें शाबीत होतांच शिवाजीराजांनीं त्याचे हातपाय तोडविले व पाटिलकी काढून घेतली. तें पत्र २८ जानेवारी १६४६ चें. राजांस तेव्हां पुरीं सोळा वर्षेंहि झालीं नव्हतीं. पुढें चिपळुणाकडील लष्करास त्यांनीं बजाविलें, कीं रयतेच्या गवताच्या काडीसहि हात लावूं नये; दाणा, वैरण, भाजीपाला बाजारांतून विकत घ्यावा.

“हें शाळेंत कां नाहीं सांगत ?” मुलानें विचारलें.

आम्हीं तीस वर्षें इतिहास शिकविला. प्रतापगड, पन्हाळा, आग्रा यांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. हीं पत्रें मात्र वर्गांत एकदांहि वाचलीं नाहींत. त्यास काय उत्तर द्यावें ?

सकाळीं तो चहापूर्वींच बाहेर पडला आणि मंडईंतून चुरगळलेल्या मेथीच्या चार जुड्या घेऊन आला. पैसे स्वतःच्या खाऊचे होते. वहिनींनीं कांहीं न विचारतां मेथी निवडावयास घेतली.

वाचकांपैकीं जे मंडळास वर्गणी देतात, त्यांनीं पावती घेतांना एवढेंच विचारावें : मावळ्याचा शेला कोणाकोणास बांधणार, आणि त्यांच्या वर्तनाचा जामीन कोण राहणार ?