साडेतीन शहाणे आणि एक लेन्स

पेशवाईत साडेतीन शहाणे होते आणि तेवढ्यांवर राज्याचा कारभार चालत असे. आज मात्र एखाद्या नोकरदार गृहस्थाने मिररलेस कॅमेरा घेतला आणि "याला रोजच्या वापराची एखादी बरी लेन्स सुचवा हो" एवढे तोंडातून काढले, की भंडाऱ्यासारख्या गावातसुद्धा अर्ध्या तासात साडेतीन शहाणे त्याच्याभोवती गोळा होतात. तो लेन्स एक मागतो आणि प्रत्येक शहाणा त्याला तीन सांगतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचे असेल त्यांना शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. आपल्यासारख्याला लेन्स एकच पुरते. साधारण १८ ते १३५ मिलिमीटरची. ती कॅमेऱ्याला लावावी आणि लावलेलीच ठेवावी. सोनीची १८-१३५ भरते ३२५ ग्रॅम, निकॉनची १८-१४० ३१५ आणि कॅननची १८-१५० ३१०. म्हणजे कांद्यापोह्यांना लागणाऱ्या पोह्यांएवढे वजन. कॅमेरा मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम असेल, तर तेच काम २४-१०५ किंवा २४-१२० करते. संपले! पण शहाण्यांना असे संपलेले चालत नाही.

पहिला शहाणा वाघवाला. "भंडाऱ्यात राहता अन् सहाशेची लेन्स नाही? काहून राहता मंग भंडाऱ्यात?" एका बाजूला नागझिरा, दुसऱ्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, तेव्हा इथल्या माणसाने उठल्याबरोबर वाघाचा फोटो काढावा, मग चूळ भरावी, अशी त्याची समजूत. सोनीची २०० ते ६०० दोन किलोच्या वर भरते आणि अडीच मीटरच्या आतले तिला नीट दिसत नाही. म्हणजे लांबचा वाघ स्पष्ट, शेजारी बसलेली सौ. अस्पष्ट. घरी परतल्यावर याचा खुलासा कोणी करायचा? शिवाय वाघाचा भरवसा काय? आपल्या नागझिऱ्याचा तो प्रसिद्ध 'जय' २०१३ साली उमरेडकडे गेला आणि एप्रिल २०१६ नंतर इतक्या लोकांनी शोधूनही सापडला नाही. तो नेमका माझ्या रविवारी, माझ्या जिप्सीपुढे उभा राहील, या आशेवर भविष्य निर्वाह निधीतून उचल घ्यायला मी तयार नाही. वर्षातून एकदा जंगलात जायचे तर नागपूरहून मोठी लेन्स भाड्याने आणावी. लग्नासाठी आपण घोडा भाड्यानेच आणतो, विकत घेऊन अंगणात बांधत नाही.

दुसरा शहाणा प्राइमवाला. याला झूम म्हणजे अधःपतन वाटते. हा बोलण्याची सुरुवातच कार्तिए-ब्रेसाँपासून करतो. त्या थोर पुरुषाने बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या एका लेन्सवर केले हे खरे आहे. पण त्याला शंकरपटाचे फोटो काढायचे नव्हते. "पाय हाच झूम," असे हा शहाणा म्हणतो. २०२१ च्या अखेरीस न्यायालयाने परवानगी दिल्यावर पट पुन्हा रंगू लागले आहेत. सुटलेल्या बैलजोडीपुढे त्याने एकदा पायाने झूम करून दाखवावे. फोटो त्याचाच निघेल, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात.

मग त्यावर उपाय म्हणून हा तीन प्राइम बाळगतो आणि भर गर्दीत बदलत बसतो. आता जरा शास्त्र बघा. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स काढली तरी सेन्सरपुढे आरसा आणि पडदा असे. मिररलेसमधला आरसाच गेला, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत लेन्स काढताना पडदाही उघडाच राहतो. आपला जिल्हा धानाचा. मळणीच्या दिवसांत हवेत कोंडा, रस्त्यावर धूळ, राइस मिलपाशी विचारूच नका. अशा हवेत उघडा सेन्सर धरून उभे राहणे म्हणजे दुधाचे पातेले झाकणाशिवाय नेऊन एसटी स्टँडवर ठेवणे.

तिसरा शहाणा एफ २.८ वाला. हा खरोखर शहाणा आहे, कारण त्याचा हिशेब बरोबर असतो. एफ २.८ वर जितका उजेड आत येतो त्याच्या एक चतुर्थांशच एफ ५.६ वर येतो, आणि माझी लाडकी लेन्स १३५ ला पोचेपर्यंत एफ ५.६ वरच आलेली असते. मंडईच्या रात्री दंडारीत उडी मारलेला गडी तिच्यात धूसर किंवा दाणेदार येतो. लेन्समधले स्टॅबिलायझेशन आपला हात थरथरला तर सांभाळते, गड्याची उडी नाही. हे सगळे कबूल. ज्याचा प्रत्येक हिवाळा झाडीपट्टीची नाटके टिपण्यात जातो, त्याने जरूर टॅमरॉनची १७-७० एफ २.८ घ्यावी, वजन ५२५ ग्रॅम आणि पल्ला ७० ला खलास. बाकीच्यांनी वर्षभर थांबावे, आणि रात्रीची अडचण खरोखरच वारंवार येत असेल तर ३५ ची एक छोटी एफ १.८ घ्यावी. वर्षभर, बरे का! कर्ज मंजूर करतानासुद्धा आम्ही जुना व्यवहार बघतो.

उरला अर्धा, तो दुकानदार. अर्धा अशासाठी, की त्याचे शहाणपण फक्त स्वतःच्या बाजूने चालते. "साहेब, डबल किट घ्या. दुसरी लेन्स जवळजवळ फुकटच पडते." 'जवळजवळ फुकट' या शब्दांचा अर्थ बँकेत वीस वर्षे काढलेल्याला सांगावा लागत नाही. एक लेन्स ५० पर्यंत, दुसरी ५५ पासून पुढे. नातू मांडीवर येऊन बसतो तेव्हा हमखास लांबची लावलेली असते.

शहाण्यांना विचारण्यापेक्षा खतावणी बघावी, ही वाणिज्य शाखेची शिकवण. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात तो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद असते. आपले दोनशे जुने फोटो उघडून वाचा. घर, जेवण, देऊळ, पाहुणे खालच्या आकड्यांवर सापडतील. स्टेज, पाखरू, लांब उभी मुलगी वरच्या आकड्यांवर. आपला संसार या दोन टोकांच्या मध्ये मावतो.

हे इतके तावातावाने सांगण्याचे कारण कॅमेऱ्याच्या दुकानात नाही, माझ्या टेबलावर आहे. मयत खातेदारांच्या वारसांचे अर्ज माझ्याकडे येतात. कागदपत्रे पुरी झाली, अंगठा लागला, की मुलगा घुटमळतो आणि हळूच विचारतो, "साहेब, तुमच्या कागदात बाबाचा फोटो असन ना जी? त्याची एखादी कॉपी भेटन का?" घरात दुसरा फोटो नसतो. खाते उघडताना चिकटवलेला, डोळे ताणलेला, पासपोर्ट आकाराचा तेवढा असतो. तोच मोठा करून त्याला हार घालायचा. तो बाबा चाळीस वर्षे दंडारीत नाचलेला असतो, त्याची बैलजोडी पटात गाजलेली असते, आणि दरवर्षी त्याच्या आसपास कोणीतरी कॅमेरावाला उभा असतो. लेन्स बदलत, नाहीतर जड बॅग घरी ठेवून मोकळ्या हाताने.

त्या मुलाने फोटो दाणेदार आहे अशी तक्रार केली नसती. दिवाळी झाली की मंडया सुरू होतील. साडेतीन शहाण्यांशी वाद घालायला मी आहे. तुम्ही एक लेन्स लावा, कॅमेरा गळ्यात अडकवा आणि आधी घरातल्या म्हाताऱ्यांना समोर बसवा.