गाडीतला आवाज आणि आकड्यांचा हिशेब

आमच्या शेजारच्या टॅक्सीवाल्या मामांच्या गाडीत गाणे फाटके ऐकू येई. दुकानदाराने नवे स्पीकर व अॅम्प्लिफायर घालायला सांगितले. खर्च महिन्याच्या कमाईएवढा! मामा आमच्याकडे पतपेढीच्या कर्जाचा अर्ज लिहून घ्यायला आले. आम्ही म्हटले, "मामा, आधी गाडीत बसून ऐकू या." पाहतो तर बास पूर्ण वर, ट्रेबल पूर्ण वर आणि शिवाय लाउडनेस चालू! सगळे शून्यावर आणले, लाउडनेस बंद केला. गाणे स्वच्छ झाले. अर्ज कोराच राहिला.

वाचकहो, माहिती नसली की खिसा रिकामा होतो. म्हणून हे चार शब्द समजून घेऊ.

आम्ही पडलो कारकून, तेव्हा खातेवहीचेच उदाहरण देतो. डिजिटल आवाज म्हणजे आवाजाच्या आकड्यांत केलेल्या नोंदी. सीडीवर दर सेकंदाला 44,100 नोंदी असतात. हा सॅम्पल रेट. प्रत्येक नोंद किती बारकाईने, रुपयांतच की पैशांपर्यंत, हे बिट सांगतात. सीडीत ते 16 असतात. डावी-उजवी बाजू धरून सेकंदाला सुमारे 14 लाख बिट होतात. हा झाला बिटरेट. एमपीथ्रीमध्ये कानाला फारसे न जाणवणारे तपशील गाळतात. 128 ची फाइल म्हणजे सेकंदाला 1 लाख 28 हजार बिट, मूळ वहीच्या अकराव्या हिश्शाचा गोषवारा. तीच फाइल पुन्हा 320 ची करून कोणी विकत देत असेल तर घेऊ नका. गोषवारा मोठ्या वहीत उतरवला म्हणून गाळलेल्या नोंदी परत येत नाहीत.

आता बटणे. प्रथम बास, मिड, ट्रेबल शून्यावर ठेवा. बॅलन्स डावे-उजवे, तर फेडर पुढचे-मागचे स्पीकर सांभाळतो. ओळखीचे गाणे लावा. माणसाच्या आवाजाचा मोठा भाग मिडमध्ये असतो. शब्द कळत नसतील तर आधी बास कमी करा. लाउडनेस हा हळू आवाजासाठी असतो, कारण हळू आवाजात कानाला खर्जाचे सूर कमी ऐकू येतात. आवाज मोठा केला की तो बंद करावा. सगळेच वर चढवले की अॅम्प्लिफायरची ताकद संपते, आवाजाच्या लाटांचे शेंडे कापले जातात आणि गाणे फाटते. असेच चालू ठेवले तर स्पीकर जळतो.

स्पीकर बदलता येतो, कान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, पण 90 डेसिबलचा फक्त 4 तास. आमचे चालक बांधव दिवसाचे दहा-बारा तास गाडीत असतात. कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागले, किंवा मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला नाही, तर आवाज जास्त आहे असे समजा.

मामा आता हळू आवाजात गाणी ऐकतात. कर्जाचा हप्ता वाचला, त्यातून मुलीच्या क्लासची फी भरली.