एव्हरेस्टची फी वाढली; दोर बांधणाऱ्या शेर्पांचं काय?

नेपाळनं एव्हरेस्टचा परवाना महाग केलाय. वसंतातल्या मोसमात परदेशी गिर्यारोहकाला आधी ११ हजार डॉलर लागायचे. १ सप्टेंबर २०२५ पासून १५ हजार लागतात. दर दोघांमागं एक वाटाड्याही सक्तीचा झालाय.

परवान्याचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. जोखमीचं काम मात्र शेर्पांच्या वाट्याला. खुंबूच्या बर्फाळ उतारावर शिड्या लावायच्या, दोर बांधायचे, तंबू अन् ऑक्सिजनचे सिलिंडर वर न्यायचे. पाहुणा तिथून मोजक्याच वेळा जातो. शेर्पाला ओझं घेऊन पुन्हा पुन्हा जावं लागतं.

१८ एप्रिल २०१४ ला तिथंच बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. सरकारनं कुटुंबांना तातडीची मदत जाहीर केली ४० हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले २५ हजार. शेर्पा भडकले, काम थांबलं आणि त्या मोसमाची चढाई जवळपास बंद पडली. मग विम्याची किमान रक्कम १० वरून १५ लाख नेपाळी रुपये झाली.

सक्तीमुळं शेर्पांना काम वाढेल, हे खरं. पण काम वाढलं की धोक्याच्या फेऱ्याही वाढतात. त्यामुळं फी किती वाढली यापेक्षा त्यातलं शेर्पाच्या घरापर्यंत किती पोचतं, हे बघायला हवं.